ओकबाईंची अनुक्रमणिका

ओकबाईंनी मला नोकरीवर घेतलं ते मला गाणं कळत नाही म्हणून.

नाशिकच्या गंगापूर रोडला एका चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्यांचं आमचं ऑफिस होतं. शास्त्रीय संगीताचं मासिक. मी पदवीच्या कागदांची फाइल छातीशी धरून गेले होते, आणि बाईंनी ती उघडलीसुद्धा नाही. उंच, वाळलेल्या, पांढरे केस पोरासारखे कापलेले, गळ्यात काळ्या दोरीला भिंग. त्यांनी एक छापील पान माझ्यासमोर धरलं आणि मी नीट बघते ना बघते तोच त्यावर पंजा ठेवला.

"काय दिसलं?"

"एका बाईंचा चेहरा. आणि लाल अक्षरात, 'का सोडलं'."

"काय सोडलं?"

"ते वाचायचं राहिलं."

पंजा तसाच ठेवून त्यांनी विचारलं की गाणं येतं का. नाही म्हटलं. घरात कोणी गातं का. म्हटलं, आमच्याकडे लग्नात बँड वाजतो. मग पदवी कशातली ते विचारलं. मराठीतली, मी जरा ताठ बसून सांगितलं. माझे वडील सटाण्याच्या बाजार समितीत कांद्याच्या गोण्या उचलायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी न विचारताही सांगते, तेव्हाही सांगितलं.

"मराठीतली म्हणजे कशातलीच नाही," बाई म्हणाल्या. "पण डोळा बाजारातला आहे. उद्यापासून ये."

तेव्हापासून मी ऑफिसात 'सटाणा'. माझं नाव बाईंना माहीत होतं की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही. ए सटाणा, भिंग आण. सटाणा, इकडे बघ, काय दिसलं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तू तठे काय करस, ते तरी सांग." मी म्हटलं, पान बघते. तिला वाटलं, पानाची गादी आहे.

मासिकाचे संपादक म्हणून मालकांचं नाव छापलं जायचं. मालक बांधकामातले, गाण्याचे हौशी. खरं मासिक बाई काढायच्या, आणि बाईंच्या लेखी मासिक म्हणजे एकच पान, अनुक्रमणिकेचं. बाकीची पानं त्या पानाला मागून टेकू म्हणून लागतात, असं त्यांचं मत होतं. मुखपृष्ठ बघून माणूस अंक हातात घेतो, पण घ्यायचा की ठेवायचा ते अनुक्रमणिकेवर ठरवतो, उभ्याउभ्या, बस सुटायच्या आत. म्हणून ती यादी नव्हे, ती दुकानाची काच. काचेत सगळा माल मांडणारा वाणी असतो, असं त्या म्हणायच्या. वाण्यांबद्दल त्यांना काही राग नव्हता, फक्त त्यांच्यासारखं पान लावणाऱ्यांबद्दल होता.

त्यांच्या पानात वर तीन दारं असायची. दार म्हणजे मोठ्या अक्षरातला लेख, खाली एक ओळ, आणि लेखाच्या नावापेक्षा ठसठशीत पान क्रमांक, कारण एकदा माणूस भुलला की त्याला वाट शोधायला लावायची नाही. एक फोटो, त्यात एकच चेहरा, आणि तो चेहरा पानाच्या आत बघणारा. बाहेर बघणारा चेहरा वाचकालाही बाहेर घेऊन जातो. लाल रंग पानावर एकदाच, कुंकवासारखा. तीन दारांच्या खाली बारीक अक्षरात उरलेलं सगळं. त्याला बाई 'गर्दी' म्हणायच्या. ग्रंथपरिचय गर्दीत, वाचकांची पत्रं गर्दीत, श्रद्धांजल्या गर्दीत. फार मोठा माणूस गेला तरच तो वर यायचा, आणि तेव्हा त्या कुणाला तरी गर्दीत ढकलताना शांतपणे लवंग चघळत असायच्या.

मैफलीला त्या कधी जात नसत. ऑफिसात रेडिओ नव्हता. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "गाणं ऐकलं की कोणावर तरी माया येते. मग तो नको तिथे बसतो."

एका प्राध्यापकांची गोष्ट सांगते. ते वर्षानुवर्षं आमच्यात लिहायचे, आणि त्यांच्या लेखाचं नाव पानावर दोन ओळी खायचं, शेवटी 'एक चिकित्सा'. बाईंनी एकदा त्यांच्या लयीवरच्या लेखाला स्वतःच नाव दिलं, 'तुम्ही चुकीच्या जागी दाद देता का?' आणि वरच्या दारात बसवला. अंक निघाल्यावर प्राध्यापक जिना चढून आले. धाप लागलेली, हातात अंक गुंडाळलेला. आयुष्यभराची साधना, बाजारूपणा, असं बरंच बोलले. बाई मान खाली घालून पुढच्या अंकाचं पान मोजत होत्या. त्यांचं संपल्यावर एवढंच विचारलं, "या महिन्यात किती जणांनी फोन केले, लेख वाचला म्हणून?"

प्राध्यापकांनी गुंडाळलेला अंक टेबलावर ठेवला.

"आणि याआधी?"

ते उठून गेले. जिन्यात थोडा वेळ थांबलेले मला वरून दिसले. पुढचा लेख त्यांनी पाठवला त्याचं नाव त्यांनीच घातलं होतं, 'तुमचा गुरू तुम्हाला फसवतोय का?' बाईंनी तो वाचून गर्दीत टाकला. म्हणाल्या, एकदा झालं ते.

अंक निघाला की पहिल्या सकाळी बाई सीबीएस बसस्थानकाजवळच्या पेपर स्टॉलला जाऊन उभ्या राहायच्या, मला घेऊन. तिथे त्या अंकाकडे बघत नसत. अंक हातात घेतलेल्या माणसाच्या बुबुळांकडे बघायच्या. डोळा कुठे आपटला, कुठून कुठे घसरला, कुठे थांबला. पुढच्या महिन्याचं पान त्यावरून लागायचं. एकदा एका बाईंना वाटलं आम्ही त्यांच्या पर्सवर टपलोय, आणि त्यांनी आरडाओरडा केला. ओकबाई जागच्या हलल्या नाहीत. लोक जमल्यावर त्यांनी त्या बाईंना विचारलं, "तुम्ही दुसरं दार बघितलंच नाही. का?"

आता पेटीवाले नानांबद्दल.

नाना पंचवटीत राहायचे. पोस्टातून निवृत्त, आणि नाशिकला कोणीही मोठा गवई आला की पेटीवर साथीला नाना. त्यामुळे आमच्या अनुक्रमणिकेच्या फोटोत नाना नेहमी असायचे, म्हणजे त्यांचं कोपर असायचं. बाई फोटो कापायच्या तो गवयाच्या चेहऱ्यासाठी, आणि डाव्या कडेला पांढऱ्या झब्ब्यातलं एक कोपर मुद्दाम ठेवायच्या. कोपर हा बाण असतो, असं त्यांनी मला शिकवलं होतं. वाचक डावीकडून येतो, कोपरावर चढतो आणि थेट चेहऱ्यावर उतरतो. कितीतरी अंकांत ते कोपर आलं. नाव कधी आलं नाही. आलं तर गर्दीत, 'साथसंगत' या शब्दाच्या पोटात.

नाना दर थोड्या महिन्यांनी ऑफिसात यायचे. चिवडा आणायचे, खुर्चीच्या टोकावर बसायचे, आणि हसत म्हणायचे, बाई, माझं कोपर आता लोक ओळखायला लागलेत, कोपराच्या पुढचा माणूस कधी छापणार? पहिल्यांदा मला वाटलं ते गंमत करताहेत. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्यांचे हात बघितले. ते गुडघ्यावर पेटी असल्यासारखे दाबून धरले होते.

बाईंनी एकदा उत्तर दिलं. चिवड्यातले दाणे वेचत, वर न बघता.

"तुम्ही गेलात की, नाना. जिवंत साथीदार कोण वाचतं."

नाना हसले. चहा पूर्ण प्यायले. जाताना मला म्हणाले, "बाई खरं बोलतात, हे मात्र आहे."

काही काळाने नाना आजारी पडले. छातीत पाणी. दवाखान्यातून त्यांच्या मुलीचा, शुभांगीताईंचा, ऑफिसला फोन आला. डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलावून घ्या म्हणून सांगितलंय, नाना मासिकाची आठवण काढतात, कोणी येऊन भेटाल का. बाईंनी फोन ठेवला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

इथे आमच्या कामाची एक रीत सांगायला हवी. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका गुळगुळीत कागदावर, सातपूरच्या मोठ्या छापखान्यात छापली जायची, आणि त्यांच्या मोठ्या कामांमध्ये आमच्यासाठी फट मिळायची ती महिन्याच्या मध्याला. आतली पानं साध्या कागदावर, दुसरीकडे, महिनाअखेरीस. म्हणजे आत काय असणार ते ठरायच्या आधी आत काय आहे ते छापून झालेलं असायचं. बाई नावं आणि ओळी आधी लिहायच्या, मग लेख त्या मापाने कापून घ्यायच्या. असं मासिक दुसरं कोणी काढत असेल असं मला वाटत नाही.

मुलाखत रेकॉर्ड करायला मला ऑफिसचा मोबाइल देऊन दवाखान्यात पाठवलं. नाकात नळी, आवाज तळातून येणारा, पण नाना बोलले. सबंध दुपार बोलले. मुलगी पाणी पाजायची, ते घोट घ्यायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. गवयाचा सूर कधी ढळणार हे त्याच्या मानेवरून साथीदाराला आधी कसं कळतं, आणि मग पेटीनं त्याला कसं झाकून घ्यायचं, लोकांना पत्ता लागू न देता. आपण किती जणांना झाकलं, कोणाला झाकलं, नावानिशी. मला गाणं कळत नाही, पण ते मला कळलं. शुभांगीताई म्हणाल्या, बाबा हे आम्हालाही कधी बोलले नाहीत.

मी परत आले तर बाईंचं पान तयार होतं. वरच्या दारात नाना. पूर्ण चेहरा, कपाळापासून हनुवटीपर्यंत, पानाच्या आत बघणारा. आणि लाल अक्षरात, 'पेटीवाले नाना : शेवटची मुलाखत'.

मी म्हटलं, बाई, ते बोलताहेत अजून.

"डॉक्टर काय म्हणाले?"

मी सांगितलं.

"मग. अंक हातात पडेल तेव्हा खरं असेल." त्यांनी माझ्याकडून टिपणं घेतली आणि खालच्या ओळीसाठी काहीतरी शोधायला लागल्या. अर्धं वाक्य घ्यायचं आणि ऐन वळणावर सोडायचं, ही त्यांची हातोटी. एका थोर गायिकेबद्दल नाना सहज काही बोलले होते, ते त्यांनी उचललं. 'भर मैफलीत बाईंनी गाणं थांबवलं, माझ्याकडे वळून पाहिलं, आणि...'

आणि पाणी मागितलं. नाना एवढंच म्हणाले होते.

पान छापून झालं, आणि नाना बरे व्हायला लागले.

नळी निघाली, घरी सोडलं. महिनाअखेरीस आतली मुलाखत लावायची वेळ आली तेव्हा एका तबल्याच्या दुकानाची जाहिरात आली, म्हणून मुलाखत एका पानावर आणली. त्यातही अर्ध्यावर फोटो. झाकून घेण्याचं सगळं गेलं. ऑफिसच्या फोनमधली जागा भरली की जुनं पुसायचं असा बाईंचा नियम होता, तसं ते रेकॉर्डिंगही पुढच्या मुलाखतीच्या आधी पुसलं गेलं.

मालक घाबरले. जिवंत माणसाची शेवटची मुलाखत छापली तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणाले. 'शेवटची' या शब्दावर पट्टी चिकटवू या. बाई म्हणाल्या, पट्टी लावलीत की प्रत्येकाचा डोळा आधी तिथेच जाईल आणि प्रत्येक जण नखानं ती काढून बघेल. अंक तसाच गेला. आणि खपला. त्या महिन्यात स्टॉलवाल्याने आणखी गठ्ठा मागवला, असं कधी होत नसे.

बाई स्वतः अंक घेऊन पंचवटीत गेल्या. सोबत मी. दार शुभांगीताईंनी उघडलं. त्यांनी अंक आधीच बघितला होता. त्या बाजूला झाल्या नाहीत.

"माझा बाप आत बसून वरणभात खातोय," त्या म्हणाल्या.

"मग खाऊन होऊ दे," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या बाजूने आत गेल्या.

नाना पाटावर नव्हते, खुर्चीत होते, मांडीवर ताट. खूप बारीक झाले होते. हात धुऊन, पुसून, त्यांनी अंक घेतला. आतली मुलाखत उघडलीच नाही. अनुक्रमणिका उघडून बसले. आम्ही उभ्या. स्वतःच्या चेहऱ्याकडे कोणी इतका वेळ बघताना मी पाहिलेलं नाही. शुभांगीताई दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

"चेहरा चांगला आलाय, बाई," नाना म्हणाले.

"आत बघतोय, म्हणून."

"पण हे शेवटची म्हणजे..."

"त्याचंच सांगायला आले." बाई पहिल्यांदा स्टूल ओढून बसल्या, नानांच्या समोर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. "यापुढे कोणाला मुलाखत देऊ नका. म्हणजे छापलेलं खोटं ठरणार नाही."

मला वाटलं शुभांगीताई आता हाताला धरून आम्हाला बाहेर काढतील. पण नाना हसायला लागले. हसता हसता खोकला आला, मुलीनं पाठ चोळली, पाणी दिलं. श्वास जागेवर आल्यावर ते म्हणाले, "किती दिवस पाळायचं?"

"ते तुमच्या हातात आहे."

बाहेर पडल्यावर रिक्षात मी रस्त्याकडे तोंड करून बसले. बाई म्हणाल्या, तुला राग आलाय. मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "त्याला विचार, पान परत देतोस का म्हणून."

मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. नंतर गेले तेव्हा ते पान अंकातून काढून, काचेत बसवून, नानांच्या खुर्चीच्या मागे लावलेलं होतं. मुलाखतीचं पान कुठे होतं ते मला दिसलं नाही.

नाना आणखी दोन-अडीच वर्षं जगले, आणि त्यांनी ते पाळलं. वाईट असं की नेमकं त्याच काळात लोकांना साथीदारांची आठवण झाली. रेडिओवाले आले. एका कॉलेजनं मुलं पाठवली. नाना सगळ्यांना चहा द्यायचे, चिवडा द्यायचे, आणि मागच्या काचेकडे बोट करायचे. माझी शेवटची झाली आहे, छापून आलंय. पुण्याहून एक मुलगा कॅमेरा घेऊन आला, साथीदारांवर फिल्म करत होता. पुन्हा पुन्हा आला. शुभांगीताईंनी वडिलांचे पाय धरले की बाबा, दवाखान्यात बोललात तेवढं तरी बोला, ते कुठेच राहिलेलं नाही. नाना म्हणाले, "शुभे, जन्मात एकदा वर नाव आलंय. ते मीच खोटं पाडू?" त्या मुलासाठी त्यांनी पेटी मात्र वाजवली. तोंडानं एक शब्द नाही. मुलानं शेवटी हात तेवढे टिपले. हात आणि कोपर.

हे मला शुभांगीताईंनी सांगितलं. मी येऊन बाईंना सांगितलं. त्या भिंग पुसत होत्या. "शिस्तीचा माणूस," म्हणाल्या.

मग नाना गेले.

मी पान लावायला बसले तेव्हा माझ्या मनात त्यांचं नाव वरच होतं. बाईंनी ते उचललं आणि तळाला नेऊन ठेवलं. गर्दीत, वाचकांच्या पत्रांच्या खाली, एक ओळ. मी म्हटलं, बाई, हे बरोबर नाही. माझ्या आवाजात सटाणा आला होता, तो मला ऐकू आला.

"त्यांचं मरण आपण आधीच वापरलं," बाई म्हणाल्या. "एक मरण दोनदा वर येत नाही."

"ती बातमी नव्हती तेव्हा. आता आहे."

"आता ती पेपरात आहे. आपल्याकडे उरली काय?"

फोटो त्यांनी एका गवयाचा निवडला, तेव्हा नुकता मोठा सन्मान मिळालेला. जुन्या मैफलीतला फोटो. स्क्रीनवर मोठा केला तर डाव्या कडेला पांढरा झब्बा. मी विचारलं, कोपर कापू? बाई त्या कडेकडे बघत होत्या. मला वाटलं काही म्हणतील.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बाण आहे."

तो मासिकाचा छापील अवतारातला शेवटचा अंक ठरला. मालकांनी सगळं मोबाइलवर न्यायचं ठरवलं, आणि मोबाइलवर अनुक्रमणिका लागत नाही, तिथे लोक नुसतं बोटानं खाली खाली सरकवतात. मी नोकरी सोडली आणि दुसरीकडे लागले. आता पान मी लावते, आणि पगार बाईंपेक्षा जास्त घेते, हेही न विचारता सांगते. बाईंचं पुढे काय झालं याच्या दोन-तीन निरनिराळ्या बातम्या ऐकल्या, कोणतीही पडताळून बघितली नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या अंकाच्या पहिल्या सकाळी, सीबीएसच्या स्टॉलवर.

नेहमीच्या जागी उभ्या होत्या, गळ्यात भिंग. बराच वेळ कोणी अंकाला हात लावला नाही. मग एक वयस्कर गृहस्थ आले, सोबत बायको, खांद्याला शबनम. पेपर घेतला, सुटे शोधता शोधता अंक उचलला आणि अनुक्रमणिका उघडली. बाईंची मान ताठ झाली. मीही त्या गृहस्थांच्या डोळ्यांकडे बघत होते. डोळा लाल अक्षरावर गेला. तिथून चेहऱ्यावर. तिथेच थांबायला हवा होता, पण तो मागे घसरला, डावीकडे, कडेला, आणि तिथे रुतून बसला. त्यांनी त्या जागी अंगठा टेकवला.

"हे बघ," बायकोला म्हणाले, "पेटीवाले नाना."

"कुठेत?"

"हे काय. कोपर."

"गेले ना ते?"

"हो, पेपरात होतं."

ते आणखी थोडा वेळ बघत राहिले. तळाच्या ओळीपर्यंत डोळा उतरलाच नाही. मग त्यांनी अंक मिटला, गठ्ठ्यावर परत ठेवला, पेपर काखेत मारला आणि दोघं त्र्यंबकच्या बसकडे चालू लागली.

"ओळखलं," बाई म्हणाल्या.

त्या दोघांकडे बस हलेपर्यंत त्या बघत होत्या. मग त्यांनी पुढे होऊन अंकाचा दुमडलेला कोपरा बोटानं सरळ केला.

"घेतलं नाही," म्हणाल्या, आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी बाजूला सरकून उभ्या राहिल्या.